हैदराबादेची खरेदी

जिंतूरचा कोणी हैदराबादेस जाऊन आला, की घरात पहिला प्रश्न असे, ‘काय आणलेत?’ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद ही आपली राजधानी होती. परभणीस आगगाडी धरली, की तेथे पोहोचता येई. म्हणून कोर्टकचेरीच्या कामाला गेलेला माणूसही परतताना बाजार करून येई. त्या बाजाराकडे आज आपण इतिहास म्हणून पाहू.

चारमिनार १५९१ सालचा. त्याच्या पश्चिमेस लाड बाजार. लाख तापवून, वळवून, तीवर काचेचे खडे बसवून केलेल्या बांगड्यांसाठी तो प्रसिद्ध आहे. दुसरी वस्तू बिदरी. ही कला बीदरची, पण तिला मोठे गिऱ्हाईक राजधानीत. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात आणि कोरलेल्या नक्षीत चांदीची तार ठोकून बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्याचा हात फिरवला, की जस्त काळेभोर होते. चांदी मात्र तशीच लखलखते.

बांगडी मिळे, बिदरी मिळे. मराठी पुस्तकाचे तसे नव्हते. राज्यात मराठी बोलणारे लक्षावधी, पण दरबाराची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी ग्रंथ बहुधा पुण्या-मुंबईस छापले जात आणि त्यांची किंमत कलदार रुपयांत असे. आपल्या हाती हल्ली शिक्का! सहा कलदारांना सुमारे सात हल्ली रुपये मोजावे लागत. स्वभाषेचे पुस्तक परमुलखातल्या मालासारखे नाणे बदलून घ्यावे लागे.

ही अडचण पाहून तेथील मराठी मंडळी स्वस्थ बसली नाहीत. १९२२ साली त्यांनी हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. १९३१ साली तेथेच मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. बाजाराने जे दिले नाही, ते लोकांनी असे वर्गणीने आणि कष्टाने मिळविले.

आज आपण महाराष्ट्रात आहोत. हैदराबादेहून बांगड्या, बिदरी अवश्य आणावी. कारागिराचे पोट तीवर आहे. पण मराठी पुस्तकासाठी वाडवडिलांनी मोजलेला तो सातवा रुपया विसरू नये. आता नाणे बदलावे लागत नाही. तरीही पुस्तक आपल्या घरात येत नसेल, तर दोष कोणत्या निजामाला द्यावा?