तहान नसली तरी अंगातलं पाणी कमी होतं. डिहायड्रेशन कसं ओळखायचं?

मे महिन्याची दुपार. आजी कॉटवर पडून आहेत. पाणी हवं का विचारलं तर "तहान नाही गं" म्हणतात. संध्याकाळी उठताना त्यांचा तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं आणि घरात "बीपी वाढलं" म्हणून धावपळ सुरू होते. पुष्कळदा कारण वेगळंच असतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालेलं असतं. वय वाढलं की तहानेची जाणीव मंदावते. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर भरच. (तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात उचलेना, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथं पाणी पाजत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.)

पाणी कमी झालं की रक्ताचं प्रमाण घटतं. ते भरून काढायला हृदय जोरात धडधडतं आणि उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात, म्हणून लघवी कमी आणि गडद होते. फिकट पिवळी असेल तर ठीक. कोऱ्या चहासारखी दिसली तर पाणी कमी पडतंय. कोरडी जीभ, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, विनाकारण चिडचिड ही त्याच वाटेवरची लक्षणं.

हवेप्रमाणे फसगतही बदलते. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, निदान शर्ट भिजलेला दिसतो. ग्वाल्हेर, इंदूर किंवा हैदराबादच्या कोरड्या उन्हात घाम लगेच उडून जातो. किती पाणी गेलं ते कळतच नाही.

लहान मुलांचा हिशेब कडक असतो. जुलाबात 10 किलोच्या बाळाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं तरी लक्षणं दिसू लागतात, आणि एक लिटर गेलं तर जिवाशी गाठ. रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, टाळू खोलगट झाली, सहा तासांत लघवी नाही, हे पाहावं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट व्हायला हवी. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी राहिली तर धोका मोठा. म्हाताऱ्यांची कातडी मुळातच सैल असते, म्हणून त्यांच्यात ही चाचणी फारशी कामाची नाही. आधी घटाघटा पाणी पिणारं बाळ आता मलूल पडलंय, पीत नाहीये, तर त्याला "शांत झोपलं" समजू नये. सगळ्यात घातक गैरसमज हाच.

उपाय स्वस्त आहे. 1971 मध्ये पश्चिम बंगालच्या बनगावातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलराची साथ होती आणि सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तेच आजचं ओआरएस. मोठं पाकीट असेल तर ते एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकणं ही घरोघरची चूक. त्यानं मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. 24 तासांनी उरलेलं फेकावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्यानं द्यावं. अंगावरचं दूध बंद करू नये.

मीठ घातलेलं ताक, आंबील, पेज चालते. इंदूरची शिकंजी मात्र दुधाची आणि गोड, ती या कामाची नव्हे. कोल्ड्रिंकही नको, जुलाब वाढतात. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं.

गुंगी, असंबद्ध बडबड, शौचातून रक्त, थांबत नसलेल्या उलट्या, किंवा तापलेलं अंग आणि हरपलेली शुद्ध, यातलं काही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. सावलीत कुशीवर झोपवून 108 ला फोन करावा. हा नंबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि तेलंगणा, सगळीकडे चालतो.