बारबेल रो

कमरेतून पुढे वाकून वजन लावलेला लोखंडी रॉड पोटाकडे ओढण्याचा, पाठीच्या ताकदीचा व्यायाम. खांद्याखालचे रुंद स्नायू (लॅट्स), पाठीचा मधला भाग आणि दंडाचे बायसेप्स ओढतात. कण्यालगतचे स्नायू आणि मांडीचा मागचा भाग धड तोलून धरतात.

मराठी मुलखातल्या तालमींना ही हालचाल जुनीच. हौद्यातली लाल माती पैलवान वाकून फावड्याने उकरतात, तेव्हा पाठ हेच काम करते. दंड-बैठकांतला दंड मात्र ढकलण्याचा व्यायाम. जिममध्येही बेंच प्रेसचीच हौस जास्त, म्हणून जोडीला ओढण्याचा व्यायाम हवाच. अंबरनाथच्या आयुध कारखान्यात किंवा एमआयडीसीत मशीनवर वाकून पाळी करणाऱ्याला आणि बदलापूरहून मुंबईपर्यंत बॅग पोटाशी धरून लोकलने जाणाऱ्याला त्याची विशेष गरज असते.

पाय खांद्यांइतके फाकवावेत, गुडघे किंचित वाकवावेत, कंबर मागे न्यावी आणि पाठ सपाट ठेवावी. श्वास भरून पोट घट्ट करावे. कोपरे मागे नेत रॉड बेंबीच्या वर टेकवावा, मग सावकाश खाली सोडावा. प्रत्येक ओढीला धड वर उसळत असेल, तर वजन जास्त झाले आहे. ते लगेच उतरवावे. आरशात बघायला मान वर करू नये.

पुरुषांच्या ऑलिंपिक रॉडचे वजन 20 किलो, महिलांच्या रॉडचे 15 किलो. उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या एखाद्या लहान जिममधला साधा रॉड याहून हलका असू शकतो, म्हणून तो आधी काट्यावर ठेवून पाहावा. ऑलिंपिक प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर असल्याने रॉड जमिनीपासून साधारण वीतभर वर राहतो. लहान प्लेट लावल्या की तो खाली जातो आणि उचलताना कंबर गोल होते. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली लाकडी ठोकळे ठेवावेत.

अमेरिकी प्रशिक्षक ग्लेन पेंडले यांच्या नावाच्या प्रकारात धड जमिनीला समांतर असते आणि प्रत्येक वेळी रॉड जमिनीवर टेकतो. 1992 ते 1997 सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया ठरलेले शरीरसौष्ठवपटू डोरियन येट्स तळवे पुढे करून, धड थोडे उभे ठेवून ओढत. 1994 मध्ये त्यांचा डावा बायसेप्स फाटला. अशा उलट्या पकडीत बायसेप्सवर ताण वाढतो, म्हणून नवशिक्याने तळवे मागे असलेली सरळ पकडच धरावी. कमरेचे दुखणे असल्यास बाकावर छाती टेकवून डंबेल ओढावेत.