दारिद्र्यरेषा आणि शरीराची गरज

गरीब कोण, हे आधी शरीरावरून ठरले. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी दररोज दरडोई २,२५० कॅलरी हा निकष धरला. तेवढे अन्न मिळवून देणारा वार्षिक दरडोई खर्च, १९६०-६१ च्या किमतींनुसार, खेड्यात सुमारे १७० व शहरात सुमारे २७० रुपये निघाला.

पुण्यातच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी कॅलरींच्या अशा सरासरीवर हरकत घेतली. निरोगी माणसाचीही ऊर्जेची गरज बदलत राहते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येकजण कुपोषित नसतो. हे मानले, तर कुपोषितांची संख्या बरीच घटते. पण कमी अन्नावर तगणे आणि दिवसभर मजुरी करणे यांत फरक आहे. म्हणून कॅलरीचा निकष वाचताना विचारा: तो जगण्यापुरता आहे, की कामापुरता?