चष्म्यानें सरळ झालेले डोळे

मूल दोन-तीन वर्षांचें होतें, चित्रें न्याहाळूं लागतें, आणि एके दिवशीं त्याचा एक डोळा नाकाकडे वळत असल्याचें घरच्यांच्या लक्षांत येतें. ह्या व्यंगाचा दोष युरोपांतील वैद्यांनीं दीर्घकाळ डोळ्याच्या स्नायूंवरच ठेविला. सातव्या शतकांत ईजिना बेटाच्या पॉल ह्या ग्रीक वैद्यानें मुलाच्या तोंडावर मुखवटा बांधण्यास सांगितलें. समोरच पाहतां येईल एवढेंच भोंक ठेविलें म्हणजे डोळा मुकाट्यानें सरळ होईल, असा त्यांतला हिशेब. १८३९ च्या ऑक्टोबरांत बर्लिनच्या डीफेनबाख ह्या शस्त्रवैद्यानें सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा नाकाकडील स्नायुच कापला. डोळा सरळ झाला, आणि ह्या शस्त्रक्रियेची युरोपभर लाट उसळली. परंतु कापलेला स्नायु मागें सरकून दुबळा होई. मग आंत वळणारा डोळा कांहीं वर्षांनीं बाहेर वळूं लागे. आगींतून निघून फुफाट्यांत पडावें तसेंच तें होतें.

खरें कारण दाखविलें तें हॉलंडमधील उट्रेख्टच्या डाँडर्स ह्यांनीं. १८६४ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत त्याचें विवेचन आहे. आंत वळणाऱ्या डोळ्यांच्या बहुतेक रोग्यांत त्यांना दीर्घदृष्टि आढळली. अशा डोळ्याचा गोल आखूड असतो. स्पष्ट दिसण्यासाठीं आंतील भिंग सतत फुगवून धरावें लागतें, आणि जवळचें पाहतांना तर फारच. भिंग फुगविणें व दोन्ही डोळे आंत वळविणें हीं कामें निसर्गानें एकत्र जोडलेलीं आहेत. एकाचा अतिरेक झाला कीं दुसऱ्याचाही होतो. तेव्हां तेंच काम बहिर्गोल कांचेनें केलें, तर डोळ्याला वळण्याचें कारणच उरत नाहीं. ह्या विचाराचा साधेपणा थक्क करणारा आहे.

मात्र चष्मा कारण नाहींसें करीत नाहीं. तें तो केवळ झांकून ठेवतो. तो काढतांच डोळा पुन्हां वळतो, कधीं कधीं पूर्वीपेक्षांही अधिक वळल्यासारखा दिसतो, आणि आईबाप चष्म्यालाच बोल लावतात. खरा प्रश्न दिसण्याचा नसून पाहण्याचा आहे. वळलेल्या डोळ्याकडून आलेलें चित्र मेंदू बाजूस सारतो, आणि निरोगी असूनही तो डोळा मंद होत जातो. लंडनचे क्लॉड वर्थ ह्यांनीं १९०३ च्या आपल्या पुस्तकांत दोन डोळ्यांचीं चित्रें एक करण्याची शक्ति सहाव्या वर्षाच्या आंतच पुरी वाढते, असें आग्रहानें मांडलें आणि अगदीं लहान मुलांनाही चष्मा द्यावा असें सांगितलें. त्यांची वयोमर्यादा आज तेवढी काटेकोर मानीत नाहींत. पण उशीर नडतो, हें त्यांचें म्हणणें टिकलें आहे.

पुढें काय होतें? दीर्घदृष्टि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत थोडी वाढतेही, नंतर हळूहळू उतरते. ती मुळांत सौम्य असली तर तरुणपणीं चष्मा सुटूं शकतो. जबर असली तर तो मोठेपणींही सुटत नाहीं, आणि डोळे सरळ राहतात ते कांचेच्या आधारावरच. कांहीं मुलांचा डोळा केवळ जवळचें पाहतांनाच वळतो. त्यांना दुहेरी भिंगाची कांच देतात. कांहींचा, वर्षानुवर्षे सरळ राहिल्यावरही, चष्म्यांतून वळूं लागतो. अशा उरलेल्या वळणापुरतीच आतां शस्त्रक्रिया करतात. स्नायु तोडून मोकळा न सोडतां मोजून मागें शिवतात. चष्मा मात्र त्यानंतरही लावावाच लागतो.