डॅशबोर्डखालचे कुलूप

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. गॅरेजवाला आपला स्कॅनर जोडतो ते हे. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचे झाले आणि त्याचे कारण होते धूर. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने धरलेला आग्रह १९९०च्या कायदादुरुस्तीने देशभर पोचला : कोणत्याही कंपनीच्या गाडीचे इंजिन बिघडून धूर ओकू लागले, तर ते कोणत्याही कारागिराला एकाच यंत्राने कळले पाहिजे. पुढे, प्रदूषणाशी संबंधित कंट्रोल युनिटमधले सॉफ्टवेअर बदलण्याची, म्हणजे रिप्रोग्रामिंगची, सोय स्वतंत्र गॅरेजांनाही द्यावी, असाही नियम आला. हे दार कायद्यानेच उघडे ठेवले होते. म्हणून २०१८च्या सुमारास फियाट क्रायसलरने त्याच दाराआड ‘सिक्युरिटी गेटवे’ नावाची एक डबी बसवली, तेव्हा ती हकीकत मला केवळ यंत्रशास्त्राची वाटली नाही.

या हकीकतीचे मूळ जर्मनीत आहे. बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉइटमध्ये ‘कॅन’ ही दळणवळणाची पद्धत मांडली. त्याआधी प्रत्येक भागाला स्वतंत्र तार लागे आणि गाडीत तांब्याचे ओझे वाढत चालले होते. कॅनमध्ये सगळे कंट्रोल युनिट एकाच तारांच्या जोडीवर बोलतात. आपल्याकडची वाड्यातली चौकातली बोलणी जशी, तसेच हे : एकाने हाक दिली की सर्वांना ऐकू जाते, ज्याचे काम असेल तो उठतो. फरक एवढाच, की चौकात आवाजावरून माणूस ओळखता येतो. कॅनच्या संदेशात तो कशाविषयी आहे आणि किती तातडीचा आहे एवढेच असते. कोणी पाठवला, हे नसतेच. ही चूक होती असे मला म्हणवत नाही. १९८६ साली गाडीच्या आत परका येणार कुठून?

तो आला. २०१० साली वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सॅन दिएगोचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या संशोधकांनी त्याच सोळा पिनांतून शिरून धावत्या गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले. गाडीच हातात असेल तर ब्रेकची नळीही कापता येते, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी ब्लूटूथमधून, मोबाइलच्या जाळ्यातून, इतकेच नव्हे तर गाण्यांच्या सीडीतूनही आत शिरता येते हे सिद्ध केले. त्यांचा आणखी एक प्रयोग फारसा कोणी लक्षात ठेवत नाही. रिप्रोग्रामिंगसाठी गॅरेजात वापरतात त्या यंत्रालाच त्यांनी वायफायवरून बाधित केले. ते यंत्र ज्या गाडीला लावाल, तिलाही मग लागण.

जुलै २०१५मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक यांनी सेंट लुइसच्या हमरस्त्यावर धावणारी जीप चेरोकी घरी बसून मंदावली. आत अँडी ग्रीनबर्ग हा पत्रकार होता. काहीतरी होणार हे त्याला माहीत होते, नेमके काय ते नव्हते. या प्रयोगातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते शिरले रेडिओच्या मोबाइल जोडणीतून. पण रेडिओच्या मुख्य प्रोसेसरला कॅनवर बोलताच येत नव्हते. तारांशी जोडलेली चिप वेगळी होती. तिच्यात नवे सॉफ्टवेअर भरताना ते कंपनीचेच आहे का, हे कोणी तपासत नव्हते. दोघांनी ती चिप रिप्रोग्राम केली. गॅरेजात जे रोज दुरुस्ती म्हणून चालते, तेच इथे हल्ला ठरले. तीन दिवसांत चौदा लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि मालकांना टपालाने यूएसबी पाठवण्यात आले. म्हणजे इलाजही पुन्हा रिप्रोग्रामिंगच!

गेटवेने रेडिओ आणि ते सॉकेट, दोन्ही आतल्या जाळ्यापासून तोडले. बिघाडाचे कोड वाचायला आजही मोकळीक आहे. मात्र ते पुसायचे, एखादा पंखा चालवून पाहायचा किंवा युनिट रिप्रोग्राम करायचे, तर आधी ओळख पटवावी लागते. रेडिओला बाहेर ठेवणे रास्तच होते. पण जीपवरचा हल्ला कारागिराच्या सॉकेटमधून झाला नव्हता. रेडिओच्या अपराधाची शिक्षा त्यालाही झाली, असे मी सुरुवातीला लिहून ठेवले होते. बाधित यंत्राचा तो प्रयोग वाचल्यावर ते वाक्य खोडावे लागले. तरी अर्धेच. कारण परीक्षा कारागिराच्या कौशल्याची होत नाही. त्याने नाव नोंदवले का, वर्गणी भरली का, त्याच्या स्कॅनरला मान्यता आहे का, एवढेच पाहिले जाते. परवाने येईपर्यंत, आणि नंतरही, अनेक कारागीर डॅशबोर्ड उघडून गेटवेचे बारा आणि आठ पिनांचे दोन जोड काढत आणि आपली केबल थेट त्यात खुपसत. गाडी ज्याच्या हातात आहे, त्याला हे कुलूप अडवत नाही. त्याची फक्त तासभर खोटी करते.

योगायोग असा, की मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने स्वतंत्र गॅरेजांना साध्या संगणकावरून, प्रमाणित जोडणीने दुरुस्ती करू देण्याची मुदत घातली होती तीही २०१८च्या मॉडेलचीच. तिथल्या मतदारांनी २०१२ साली हा हक्क मिळवला होता. २०२०मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मतांनी त्यांनी तो गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवला. विरोधी जाहिरातींत स्त्रियांचा पाठलाग करणारे गुन्हेगार दाखवले होते. मोटार उत्पादक न्यायालयात गेले. जून २०२३मध्ये केंद्रीय रस्ता-सुरक्षा संस्थेने उत्पादकांना हा कायदा पाळू नका असे कळवले. दूरवरून माहिती उघडी केली तर ब्रेक आणि स्टिअरिंगही उघडे पडतील, हे कारण. ऑगस्टमध्ये तिनेच सूर बदलला : जोडणी बिनतारी असली तरी चालेल, पण जवळच्या टप्प्यातली हवी. कारागीर गाडीशेजारी उभा असला पाहिजे.