पावसाळ्यात तडकणारी काडतुसे : पितळ, पागा आणि वऱ्हाडची चिंच

१/ दिवाळी जवळ आली की अकोला-अमरावतीकडील घरांत पितळी गुंड, परात, समई चिंचेने घासून लख्ख केली जात. हेच पितळ एकोणिसाव्या शतकात बंदुकीच्या काडतुसात गेले आणि त्याच्या निगेवर शिपायाचा जीव अवलंबून राहू लागला.

२/ दारूगोळ्याशी वऱ्हाडचे नाते जुने आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांकडे सोपवला, तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठी. तिची एक छावणी एलिचपूरजवळ, आजच्या परतवाड्यात होती. वऱ्हाडी शेतकऱ्याचा सारा शिपायाच्या पगारात, घोड्याच्या चाऱ्यात आणि काडतुसांत खर्ची पडत होता.

३/ १८५७ पर्यंत काडतूस कागदी होते. ते दातांनी फाडावे लागे. १८६० च्या दशकात कर्नल बॉक्सर यांचे पितळी काडतूस आले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पुढे पितळाच्या एकाच चकतीतून ओढून घडवलेली अखंड पुंगळी रूढ झाली.

४/ पितळच का? सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचा हा मिश्रधातू लवचिक असतो. बार उडताच पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला चिकटते, तप्त वायू मागे येऊ देत नाही आणि क्षणात पुन्हा आकसते. म्हणूनच रिकामी पुंगळी पुन्हा भरता येते.

५/ मात्र त्याआधी ती स्वच्छ व्हावी लागते. चिकटलेल्या वाळूच्या कणाने साचा आणि नळी ओरखडते. त्याहून मोठा धोका म्हणजे काजळीखाली झाकलेली चीर. अशी पुंगळी फुटली, तर वायूचा झोत नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. सफाईचा खरा हेतू चकाकी नव्हे, तपासणी हा होता.

६/ भारतातील इंग्रजी फौजेला याच चिरांनी कोड्यात टाकले. पावसाळ्यात पागांमध्ये साठवलेली काडतुसे न वापरताच तडकत. हा दोष ऋतूबरोबर येई, म्हणून इंग्रजीत त्याचे नावच ‘सीझन क्रॅकिंग’, म्हणजे ऋतूची तडक, असे पडले.

७/ उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया निघतो. दमट हवेत तो पितळावर बसतो आणि पुंगळी ओढताना धातूत कोंडलेल्या ताणाला वाट करून देतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ फाटते. उपाय साधा निघाला : पुंगळीला बेताची ऊब देऊन आतला ताण सैल करायचा आणि अमोनिया दूर ठेवायचा.

८/ येथे चिंचेचे महत्त्व कळते. अमोनियायुक्त पॉलिशने पितळ झळाळते. पण ताण असलेल्या पुंगळीला तेच घातक. चिंचेतील टार्टारिक आम्ल काळा थर विरघळवते आणि ही तडक आणत नाही. अर्थात आम्लात फार वेळ ठेवल्यास जस्त निघून जाते आणि पितळ लालसर पडते. आज पुंगळ्या साफ करण्यासाठी सौम्य आम्ल वापरतात, किंवा फिरत्या पिंपात अक्रोडाच्या टरफलांचा वा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुगा.

९/ अकोल्याहून भुसावळकडे जाताना महामार्गावर वरणगाव लागते. तेथील आयुध निर्माणीत १९६४ पासून बंदुकांची काडतुसे तयार होतात. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. कारखान्यातली पुंगळी असो वा माजघरातला गुंड, पितळाचा स्वभाव एकच : वरची झळाळी आतल्या चिरेबद्दल काहीच सांगत नाही. पागेतल्या काडतुसांनी हा धडा शिकवला, आणि त्याची किंमत वऱ्हाडसारख्या प्रांतांच्या साऱ्यातून चुकती झाली.