संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे: ख्रिस्ती परंपरेतील संदेष्ट्याचे कार्य आणि माँटगोमेरीचा बस बहिष्कार

इंग्रजीत ज्याला 'प्रॉफेट' म्हणतात, त्याला मराठी बायबलमध्ये 'संदेष्टा' म्हटले आहे. हा शब्द ऐकला की पुढे काय घडणार हे आधीच सांगणारा माणूस अनेकांच्या डोळ्यांसमोर येतो. बायबलमधील संदेष्ट्यांचे मुख्य काम मात्र वेगळे होते. आज समाजात काय चुकते आहे, कोणावर अन्याय होतो आहे आणि तो कोण करतो आहे, हे ते देवाच्या नावाने उघडपणे सांगत. भविष्याचा उल्लेख येई तो बहुधा इशारा म्हणून: असेच वागत राहिलात तर परिणाम भोगावे लागतील.

हेच काम आजच्या काळात चालू ठेवण्याला ख्रिस्ती लोक 'संदेष्ट्याचे सेवाकार्य' म्हणतात. ते केवळ प्रवचनातून होत नाही. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात १९५५-५६ मध्ये झालेला बस बहिष्कार हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरणांपैकी एक आहे.

संदेष्टे कोण होते?

बायबलच्या जुन्या करारात संदेष्ट्यांची अनेक पुस्तके आहेत. यशया, यिर्मया, मीखा, होशेय, आमोस ही त्यांतील काही नावे. मूळ हिब्रू शब्द 'नाबी'. ग्रीक भाषेत त्यासाठी वापरलेल्या शब्दाचा अर्थ 'दुसऱ्याच्या वतीने बोलणारा' असा होतो.

आमोस हा इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला. तो राजदरबारातला नव्हता की पुरोहितांच्या घराण्यातलाही नव्हता. तकोवा गावात तो मेंढरे राखायचा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखायचा. शेजारच्या उत्तर राज्यात त्या वेळी भरभराट होती, पण गरिबांना कर्जापायी विकले जात होते आणि धान्य मोजताना मापात पाप होत होते. आमोसने बेथेलच्या राजमान्य मंदिरात जाऊन हे बोलून दाखवले. न्याय नसेल तर देवाला तुमचे सण आणि अर्पणे नकोत, असे त्याचे म्हणणे होते. तिथल्या अमस्या नावाच्या याजकाने त्याला आपल्या देशात परत जाऊन तिथेच पोट भरायला सांगितले.

काही संदेष्ट्यांनी शब्दांबरोबर कृतीही केली. यरुशलेमला शत्रूच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना यिर्मयाने गावाकडची जमीन रीतसर चांदी मोजून, साक्षीदारांसमोर खरेदीखत करून विकत घेतली. नगर पडणार हे तोच सांगत होता. तरीही या भूमीत लोक पुन्हा घरे बांधतील आणि शेती करतील, हा विश्वास त्याने व्यवहारातून दाखवला.

बायबलचे अभ्यासक वॉल्टर ब्रुगमन यांनी १९७८ च्या 'द प्रॉफेटिक इमॅजिनेशन' या पुस्तकात संदेष्ट्याच्या कामाची दोन अंगे मांडली. एक, चालू व्यवस्थेवर टीका करणे. दुसरे, वेगळे जग शक्य आहे ही उमेद लोकांमध्ये जागवणे. नुसती टीका केली तर लोक हताश होतात आणि नुसती उमेद दिली तर अन्याय झाकला जातो.

दानधर्म आणि संदेष्ट्याचे काम यांत फरक काय?

भुकेल्याला जेवण देणे ही सेवा आहे. हा माणूस रोज उपाशी का राहतो, असे विचारणे हे संदेष्ट्याचे काम. दोन्ही कामे एकमेकांना पूरक आहेत, पण समाजाची प्रतिक्रिया सहसा वेगळी असते. जेवण देणाऱ्याचे कौतुक होते, प्रश्न विचारणाऱ्यावर रोष ओढवतो.

'प्रॉफेटिक मिनिस्ट्री' हा शब्द आणखी एका अर्थाने वापरला जातो. काही पेंटेकॉस्टल आणि करिश्माई पंथांत एखाद्या व्यक्तीला प्रार्थनेत मिळालेला संदेश सांगणे, यालाही तेच नाव आहे. या लेखाचा विषय पहिला, म्हणजे सामाजिक अर्थ आहे.

माँटगोमेरीत काय घडले?

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात बसमधील पुढची आसने गोऱ्या प्रवाशांसाठी राखीव होती. कृष्णवर्णीय प्रवाशांनी पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे, अशीही सक्ती अनेकदा होई. कधी कधी ते मागच्या दारापाशी पोहोचण्याआधीच बस निघून जाई. गोऱ्यांची आसने भरली की मधल्या रांगेतील कृष्णवर्णीयांना उठून उभे राहावे लागे. आणि तरी दर चार प्रवाशांपैकी सुमारे तीन जण कृष्णवर्णीय होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी आसन सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या मुलीलाही याच कारणावरून अटक झाली होती. पार्क्स यांना अटक झाली त्या रात्री प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी महाविद्यालयातील यंत्रावर हजारो पत्रके छापून काढली. सोमवारी, ५ डिसेंबरला, कोणीही बसने जाऊ नये, असे त्यांत लिहिले होते. रॉबिन्सन ज्या महिला संघटनेच्या अध्यक्ष होत्या, तिने दीड वर्षापूर्वीच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती.

सोमवारी बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये हजारो लोक जमले. नव्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून २६ वर्षांचे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहिले. न्यायाची तुलना वाहत्या पाण्याशी करणारे आमोसचे वचन त्यांनी या भाषणात वापरले. त्या सभेतल्या लोकांना ते नव्याने समजावून सांगावे लागले नाही. पिढ्यान् पिढ्या चर्चमध्ये ऐकलेला संदेष्टा आता शहराच्या बसविषयी बोलत होता.

सुरुवातीच्या मागण्या माफक होत्या: चालकांनी सभ्यपणे वागावे, आधी येईल त्याला आधी बसू द्यावे (गोऱ्यांनी पुढून, कृष्णवर्णीयांनी मागून) आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. शहराने त्याही नाकारल्या.

भाषणानंतरचे ३८१ दिवस

भाषण एका संध्याकाळचे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या हजारो बायकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर पोहोचायचे होते.

पहिले काही दिवस कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसइतकेच, म्हणजे १० सेंट भाडे घेतले. शहराने लगेच ४५ सेंटच्या किमान भाड्याचा नियम दाखवला आणि हा मार्ग बंद झाला. मग किंग यांनी लुइझियाना राज्यातील बॅटन रूज शहराचे पाद्री टी. जे. जेमिसन यांना फोन केला. तिथे १९५३ मध्ये बसवर छोटा बहिष्कार झाला होता आणि लोकांनी खासगी गाड्यांतून प्रवासाची सोय केली होती. तोच नमुना माँटगोमेरीत उचलला गेला.

सुमारे ३०० गाड्या या कामाला लागल्या. कोणी सकाळी कामावर जाण्याआधी दोन फेऱ्या मारी, तर कोणी दिवसभरासाठी गाडी देऊन टाकी. शहरात चढण्याउतरण्याची ठिकाणे ठरली आणि वेळापत्रक छापले गेले. पुढे देणग्यांतून मोठ्या गाड्या घेऊन त्या चर्चच्या नावावर नोंदवल्या. त्यांवर चर्चचे नाव रंगवलेले असे. लोक त्यांना 'चाकांवरची चर्च' म्हणू लागले.

पेट्रोल, दुरुस्ती आणि चालकांच्या पगाराला पैसा लागत होता. दर सोमवारी आणि गुरुवारी वेगवेगळ्या चर्चमध्ये सभा होई. तिथे प्रार्थना, गाणी, पुढच्या दिवसांच्या सूचना आणि वर्गणी असे सगळे एकत्रच चाले. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनी इतर बायकांना जोडून घेतले. त्या तळलेले चिकन, सँडविच, पाय आणि केक विकत आणि जमलेली रक्कम सभेत आणून देत. या गटाचे नाव होते 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठलाच नसलेला क्लब'. मदत करणाऱ्यांची नावे बाहेर फुटली तर त्यांची नोकरी जाण्याची भीती होती, म्हणून पैसे कुठून आले याचे उत्तर 'कुठूनच नाही' असे ठेवले होते. किंग यांच्यावरील खटल्यात साक्ष दिल्यानंतर गिलमोर यांची स्वतःची नोकरी गेली. मग त्या घरच्याच स्वयंपाकघरातून जेवण विकू लागल्या.

गोऱ्या घरांतही अडचण झाली. स्वयंपाकाला बाई हवी म्हणून काही गृहिणी तिला स्वतःच्या गाडीने आणू लागल्या. महापौर डब्ल्यू. ए. गेल यांनी त्यांना तसे न करण्याचे जाहीर आवाहन केले.

किंमत कोणी मोजली?

३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी घरात होत्या. त्या बचावल्या. दोनच दिवसांनी ई. डी. निक्सन या कार्यकर्त्याच्या घराबाहेर स्फोट झाला. कृष्णवर्णीयांच्या चर्चचे गोरे लुथरन पाद्री रॉबर्ट ग्रेट्झ लोकांना आपल्या गाडीने पोहोचवत असत. ऑगस्टमध्ये त्यांच्या घरावरही बॉम्ब पडला.

फेब्रुवारीत १९२१ च्या एका जुन्या कायद्याखाली ८० हून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले. किंग यांना ५०० डॉलर दंड झाला. गाड्यांचे विमे रद्द करण्यात आले, तेव्हा अटलांटातील कृष्णवर्णीय विमा एजंट टी. एम. अलेक्झांडर यांनी थेट लंडनच्या 'लॉइड्स'कडून विमा मिळवून दिला.

दुसरीकडे कोर्टातली लढाई चालू होती. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन या चौघींच्या नावाने संघराज्य न्यायालयात खटला चालला. ५ जून १९५६ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

त्याच दिवशी अलाबामाच्या न्यायालयाने सामायिक गाड्यांच्या व्यवस्थेवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाचा लेखी आदेश शहरात पोहोचायला डिसेंबर उजाडला. मधला महिनाभर लोकांकडे ना बस होती ना गाडी. बहुतेकांनी पायीच वाट तुडवली. २० डिसेंबरला आदेश आला आणि २१ डिसेंबर १९५६ च्या सकाळी कृष्णवर्णीय प्रवासी पुढच्या दाराने चढून हव्या त्या आसनावर बसले.

तरी हिंसा लगेच थांबली नाही. १० जानेवारी १९५७ रोजी शहरातील चार चर्च आणि दोन पाद्र्यांची घरे बॉम्बने उद्ध्वस्त वा नुकसानग्रस्त झाली.

सगळी चर्च सोबत होती का?

नाही. दक्षिणेतील बहुतेक गोरी चर्च गप्प राहिली. ग्रेट्झ यांच्यासारखे पाद्री अपवाद होते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्र आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते. त्यांनी आंदोलनाला घाईचे ठरवले होते. संदेष्ट्याला धर्माच्या आतूनच विरोध होणे नवे नाही. आमोसला हाकलणाराही याजकच होता.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या मांडणीवर आहे. बहिष्कार म्हटले की किंग यांचेच नाव पुढे येते. पत्रके छापणाऱ्या रॉबिन्सन, स्वयंपाक करणाऱ्या गिलमोर आणि खटला लढवणाऱ्या चौघी बराच काळ मागे राहिल्या. रॉबिन्सन यांच्या आठवणींचे पुस्तक १९८७ मध्ये आले, त्यानंतर स्त्रियांच्या वाट्याची चर्चा वाढली.

महाराष्ट्रात असे काम झाले आहे का?

ख्रिस्ती श्रद्धेतून टीका आणि प्रत्यक्ष काम एकत्र आल्याची उदाहरणे महाराष्ट्रातही आहेत. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली आणि विधवांना आणून केडगावच्या 'मुक्ती'त आसरा दिला. तिथे त्यांना शिक्षण आणि हातचे काम मिळाले. त्याच काळात प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे कसे हाल होतात, यावर त्यांनी वृत्तपत्रातून इंग्रज सरकारला धारेवर धरले.

वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या माध्यमातून पाणी, शेतजमीन आणि हिरवळ वाचवण्यासाठी लोकांना एकत्र केले. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. या लढ्यात ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही समाजांचे लोक होते. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

असे काम ओळखायचे कसे?

कोणीही उठून 'मी देवाच्या वतीने बोलतो' असे म्हणू शकतो. बायबललाही हा धोका ठाऊक होता. राजाला आवडेल तेच सांगणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांवर यिर्मयाने कडक टीका केली आहे. वरच्या उदाहरणांवरून तीन साधे प्रश्न हाती लागतात:

- बोलणे कोणाच्या बाजूचे आहे, सत्तेच्या की सोसणाऱ्याच्या?
- बोलणाऱ्याला त्यातून लाभ होतो की त्याची किंमत मोजावी लागते?
- शब्दांमागे रोजचे काम आहे का, आणि त्या कामात सामान्य माणसांना जागा आहे का?

माँटगोमेरीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत ठळक दिसते. किंग यांच्या भाषणाने लोकांना बळ दिले. पण सकाळी सहाला गाडी बाहेर काढणारा चालक, केक विकून पेट्रोलचे पैसे उभे करणारी बाई आणि गाडी बंद झाल्यावर महिनाभर पायी चालणारे लोक नसते, तर ते भाषण डिसेंबर १९५५ मध्येच विरून गेले असते.